पहिल्या धारेचं पाणी

चिरमुल्यांच्या घरी विहीर आहे ही बातमी दोन हजार चार साली पुण्याला पोचली, तेव्हा नातेवाइकांनी फोटो मागवले. फोटो गेले आणि सगळ्यांची निराशा झाली. काठ नाही, रहाट नाही, आत डोकावायची सोय नाही. बागेच्या कोपऱ्यात एक लाकडी खोपटं, त्यात फरशीतून वर आलेली जाड नळी, नळीवर लोखंडी झाकण आणि शेजारी गुरगुरणारा पंप. श्रीकांतच्या मामांनी फोनवर विचारलं, "अरे, ही विहीर आहे की गॅसचं सिलिंडर?"

श्रीकांतने त्यांना अडतीस मीटर खोली, वाळूचे थर आणि नैसर्गिक गाळणी यांवर वीस मिनिटं व्याख्यान दिलं. तो आर्नहेमच्या एका वीज कंपनीत इंजिनिअर होता. त्याला प्रश्न विचारताना लोक थोडा वेळ काढूनच विचारत.

घर आर्नहेमपासून सायकलवर अर्ध्या तासावर, जंगलाच्या कडेला, एका कच्च्या रस्त्याच्या शेवटी होतं. गावाची पाण्याची लाईन त्या रस्त्याच्या तोंडापर्यंत येऊन थांबली होती. पुढे यायचं तिला कधी कोणी सांगितलं नाही, आणि विहीर असताना सांगायची गरजही कोणाला वाटली नाही. श्रीकांतला तर ही विहीर म्हणजे घराबरोबर फुकट मिळालेली इस्टेट वाटायची. पाणी इतकं मऊ की किटलीत पांढरा थर धरत नसे, डाळ पटकन शिजे, कपडे मऊ निघत. पाहुण्यांना तो किटली उघडून आतून दाखवायचा. लोक बाग दाखवतात, पुस्तकं दाखवतात. चिरमुल्यांकडे किटली बघायला मिळे.

सुनेत्रा त्याची बायको. सत्त्याण्णव साली ती नेदरलँड्समध्ये आली तेव्हा कागदपत्रांत तिची नोंद 'अवलंबून' अशी होती. मायक्रोबायोलॉजीची पदवी ट्रंकेत होती, ती ट्रंकेतच राहिली. तिने दोन वर्षांत डच शिकून घेतलं, शिवणाचं मशीन घेतलं आणि आसपासच्या गावांतल्या लोकांच्या पँटी आखूड करणं, पडदे शिवणं असा व्यवसाय रीतसर नोंदवला. डच माणसं उंच असतात, त्यामुळे हा धंदा चालायचा नाही असं श्रीकांतचं गणित होतं. तो पंचवीस वर्षं चालला.

सुनेत्राला पाण्याच्या बाबतीत एकच गोष्ट कळत होती, आणि ती तिच्या आईला, आजीलाही कळत होती: रात्रभर राहिलेलं पाणी शिळं. सकाळी साडेपाचला उठून ती स्वयंपाकघरातला नळ सोडायची, हाताला गारठा लागेपर्यंत पाणी वाहू द्यायची, ते झाडांच्या बादलीत जायचं, आणि मग तांब्याचा हंडा भरायचा. दिवसभराचं पिणं, देवाचं, स्वयंपाकाचं, सगळं त्या हंड्यातून.

"एच-टू-ओला एक्स्पायरी डेट नसते, सुनेत्रा," श्रीकांत म्हणायचा.

"नसू दे."

"तू सायन्सची ग्रॅज्युएट ना?"

"हो. आणि शिळी पोळी तू खात नाहीस ना?"

"पोळी आणि पाणी यांत फरक आहे."

"आहे. पोळी तू करत नाहीस."

हा वाद चिरमुल्यांच्या संसारात अनेक वर्षं सुखाने नांदला. निकाल लागत नव्हता आणि लावायची घाईही नव्हती. घर घेतल्यावर वर्षभरात श्रीकांतने स्वखर्चाने पाण्याची तपासणी करून घेतली. एक प्रयोगशाळेचा माणूस येऊन बाटल्या भरून गेला. रिपोर्ट उत्तम आला. जीवाणू नाहीत, नायट्रेट कमी, धातू जवळपास नाहीतच. श्रीकांतने तो फाईलला लावला आणि फाईलवर मराठीत 'विहीर' असं लिहिलं. पुढे जेव्हा जेव्हा शिळ्या पाण्याचा विषय निघे, तेव्हा तो उठून ती फाईल आणत असे.

दोन हजार नऊच्या सुमारास त्याचं रक्तदाबाचं निदान झालं आणि तो आरोग्याच्या मागे लागला. इंजिनिअर एखाद्या गोष्टीच्या मागे लागला की तिचं वेळापत्रक होतं. पावणेपाचला उठायचं, तोंड न धुता, उकिडवं बसून, उपाशीपोटी दीड लिटर पाणी प्यायचं. उषःपान. हे त्याने कुठल्याशा व्याख्यानात ऐकलं होतं. त्यात तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी प्यावं असंही सांगितलं होतं, पण तो भाग श्रीकांतने गाळला. तांबं जास्त झालं तर यकृताला बरं नाही, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. तो थेट नळाखाली स्टीलचा मोठा पेला धरायचा.

"रात्रभरचं शिळं पाणी पितोस," पहिल्याच आठवड्यात सुनेत्रा म्हणाली. "मी उठून नळ सोडेपर्यंत तरी थांब."

"पहिल्या धारेचं आहे," तो म्हणाला. "कडक असतं."

एकदोन महिने तिने त्याच्या आधी उठून नळ सोडायचा प्रयत्न केला. साडेचारला. त्याने तक्रार केली की नळाच्या आवाजाने त्याची झोप मोडते आणि पाणी उगाच वाया जातं, आणि रिपोर्ट आहे ना आपल्याकडे. ईशानी तेव्हा दहा वर्षांची, शाळेचे डबे, पडद्यांच्या ऑर्डरी. एका सकाळी सुनेत्रा गजर बंद करून परत झोपली. दुसऱ्या दिवशीही झोपली. पाऊण तास, एक तास जास्तीची झोप मिळायला लागली. वाद तिने सोडून दिला.

श्रीकांतच्या किडन्या दोन हजार अठरापासून कमी कमी काम करायला लागल्या. डॉक्टरांनी रक्तदाबाला जबाबदार धरलं. रक्तदाबाला कोण जबाबदार, ते कोणी विचारलं नाही. मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पाणी मोजून प्यायचं, दिवसाला तीन पेले. ज्या माणसाने जगाला आपली विहीर ऐकवली, तो खिडकीत बसून बर्फाचा एक खडा चघळत पंपाचा आवाज ऐकायचा. बावीसच्या फेब्रुवारीत तो गेला. कागदावर कारण किडनीचा विकार असं आलं, आणि त्या विकाराच्या कारणाच्या रकान्यात 'अज्ञात'.

ही 'अज्ञात'ची गोष्ट सुनेत्राने फारशी मनावर घेतली नाही. माणूस गेल्यावर एका रकान्यात काय लिहिलंय याने काय होतं, असं ती म्हणायची. तीन वर्षं ती त्या घरात एकटी राहिली. नंतर गुडघे कुरकुर करायला लागले, जिना मोठा वाटायला लागला, आणि अॅमस्टरडॅम झुइडओस्टमध्ये राहणाऱ्या ईशानीने आपल्या इमारतीत सातव्या मजल्यावर एक फ्लॅट शोधला. लिफ्ट, मेट्रो, नळाला नगरपालिकेचं पाणी. घर विकायला काढलं.

गिऱ्हाईक पटकन मिळालं. लोटे आणि यास्पर, दोघं तिशीतले, शहराला कंटाळलेले. लोटेला सातवा महिना. तिला चिरमुले म्हणता येत नसे, ती 'मेफ्राऊ खिरमुले' म्हणायची, मेफ्राऊ म्हणजे श्रीमती, आणि 'च' असा उच्चार कसा करतात ते प्रत्येक भेटीत नव्याने विचारायची. करारात त्यांनी एक अट घातली: विहिरीच्या पाण्याची तपासणी, आणि निकाल पिण्याजोगा. ही तपासणी कायद्याने लागते की नुसतीच पद्धत आहे, यावर वाउटर नावाचा दलाल एक बोलला, नोटरी दुसरं बोलली आणि बँकेने पत्र पाठवलं त्यातून तिसराच अर्थ निघत होता. करारात आहे म्हणजे करायची, एवढ्यावर तिघांचं एकमत झालं.

विक्रेत्याने भरायचा एक फॉर्म होता, बारा पानांचा. त्यात एक प्रश्न: घरात शिशाच्या जलवाहिन्या आहेत का? होय, नाही, माहीत नाही. सुनेत्राने जुनी फाईल काढून बघितलं. त्यांना घर विकणाऱ्या म्हाताऱ्याने 'माहीत नाही'वर खूण केली होती. तिनेही तिथेच केली. पिढीजात उत्तर.

प्रयोगशाळेचं पत्र आलं. तपासणीच्या आदल्या रात्री दहानंतर घरातला कुठलाही नळ उघडू नये, फ्लश करू नये, वॉशिंग मशीन लावू नये. नळीत थांबलेलं पहिलं पाणी आम्हाला हवं आहे, असं त्यात ठळक लिहिलं होतं. सुनेत्रा सूचना पाळणारी बाई. तिने संध्याकाळीच बादल्या आणि हंडा भरून ठेवला. सकाळी साडेपाचला उठली, सवयीने नळाकडे हात गेला तो मागे घेतला, हंड्यातलंच पाणी घेऊन चहा केला आणि खुर्चीत बसून राहिली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तिने नळ न सोडता सकाळ काढली. तिला आंघोळ न केल्यासारखं वाटत होतं.

आठ वाजता फाटकाशी व्हॅन थांबली. चाळिशीचा, सावळा, चष्मा लावलेला माणूस उतरला आणि मागचं दार उघडून निळे खोके काढायला लागला.

हाच तो क्षण. याची किंमत नंतर ठरली. घरी माणूस आला की आधी पाणी द्यायचं. हंड्यातलं पाणी कालचं होतं. तिने ते स्वतः घेतलं, पण परक्या माणसाला, आल्या आल्या, कालचं पाणी? तो बूट पुसून, त्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून आत येईपर्यंत तिने नळ सोडला. हाताला गारठा लागेपर्यंत शिळं सांडलं, तांब्या भरला, पेला धुऊन त्यावर ठेवला आणि सोबत वाटीत गुळाचा खडा. सगळं मिळून चार मिनिटं. आपण नळ वापरला असं तिच्या मनातही आलं नाही. पाहुण्याचं पाणी हा वापर नसतो. ती रीत असते.

त्याचं नाव जयप्रकाश. सुरिनामी हिंदुस्तानी, द हेगचा. पणजोबा बिहारमधून उसाच्या मळ्यावर गेलेले. त्याची हिंदी सुनेत्राला शंभर वर्षं जुनी वाटली आणि तिची हिंदी त्याला सिनेमातली. दोन वाक्यांनंतर दोघंही डचवर आले, त्यात हिंदी मिसळून.

"गूळ!" तो म्हणाला. "मौसी, माझी आजी हेच करायची. पोस्टमनलासुद्धा."

"मग? पोस्टमन माणूस नाही?"

"तो डच होता. त्याला वाटायचं, ही पार्सलसाठी लाच देतेय." तो दोन पेले पाणी प्यायला. "कालपासून नळ उघडला नाही ना?"

"अजिबात नाही. चहासुद्धा साठवलेल्या पाण्याचा."

"शाब्बास. लोक फ्लश करतात आणि केला नाही म्हणतात."

त्याने नळाखाली लिटरची बाटली धरली, पहिली धार घेतली, झाकण लावलं, नाव चिकटवलं. मग पाणी वाहू दिलं, नळाचं तोंड छोट्या बर्नरने भाजलं आणि जीवाणूंसाठी वेगळी बाटली भरली. जाताना तळघरात उतरून त्याने पंपाकडून येणारी नळी पाहिली. वर पांढऱ्या रंगाचे चारपाच थर होते. खिशातल्या नाण्याने एका कोपऱ्यात खरवडलं, तर आतून चांदीसारखं चकाकलं आणि नाण्याने त्यात खोबण पडली.

"हे शिसं आहे," तो म्हणाला. "जुनं. तुमचं पाणी मऊ, आंबट. असं पाणी शिसं खातं."

"म्हणजे?"

"म्हणजे रिपोर्ट बघू."

रिपोर्ट दहा दिवसांनी आला. उत्तम. शिसं मर्यादेच्या पुष्कळ खाली. वाउटरने फोन करून अभिनंदन केलं, जणू पाणी तिने स्वतः तयार केलं होतं. लोटेने नाचणाऱ्या बदकांची चित्रं पाठवली. ईशानी म्हणाली, "ग्रेट, आई. साइन इट अँड लेट्स गो." ईशानी मराठी सगळं समजते. उत्तर मात्र ज्या भाषेत लवकर संपेल त्या भाषेत देते.

चौथ्या दिवशी जयप्रकाशचा फोन आला.

"मौसी, एक विचारायचं होतं. ऑफिसचं नाही, माझं. ती नळी शिशाची, पाणी तसलं, रात्रभर थांबलेलं. हा आकडा बसत नाही. मी पंधरा वर्षं हेच करतोय."

"मग मशीन चुकलं असेल."

"मशीन चुकलं तर जास्त दाखवतं. मी आलो तेव्हा तुम्ही मला पाणी दिलंत. गार होतं. ते कुठलं होतं?"

सुनेत्राच्या हातात शिवायला घेतलेला पडदा होता. सुई तिथेच राहिली.

"फ्रिजमधल्या बाटलीतलं," ती म्हणाली.

"असं," जयप्रकाश म्हणाला. "मग ठीक आहे." फोन ठेवण्याआधी त्याने गुळाबद्दल पुन्हा आभार मानले.

सुनेत्रा खोटं बोलायची नाही असं नाही. पडदा शुक्रवारी देते म्हणून सोमवारी देणं, एवढं ती बोलायची. पण हे वेगळं होतं, आणि ते घराच्या विक्रीसाठी नव्हतं, हे तिला लगेच कळलं. विक्री थांबली असती तर थांबली असती. ती उठून कपाटाशी गेली आणि 'विहीर' लिहिलेली फाईल काढली. दोन हजार पाच सालचा रिपोर्ट. नमुना घेतल्याची वेळ: सकाळी साडेनऊ. तिला तो माणूस आठवला, लाल दाढीचा, भला मोठा. त्याला तिने बाहेरच्या बाकावर बसवून तांब्याभर पाणी दिलं होतं, आणि तो हसून म्हणाला होता, इतकं गार पाणी आमच्या लॅबमध्येसुद्धा नाही. तेव्हा पत्र, सूचना काहीच नव्हतं. तिने साडेपाचलाही नळ सोडला होता आणि साडेनऊलाही.

म्हणजे श्रीकांत ज्या रिपोर्टच्या जोरावर तिला गप्प बसवायचा, तो रिपोर्ट तिच्या नळ सोडण्यामुळे चांगला आला होता. तो ज्या सवयीला हसत होता, तिचंच प्रमाणपत्र त्याने फाईलला लावलं होतं. आणि त्याच्यावर विश्वास ठेवून रोज पहाटे दीड लिटर.

शिसं किडनीला काय करतं, हे तिने वाचलं. मायक्रोबायोलॉजीच्या पदवीचा तेवढा उपयोग झाला. रक्तदाबही वाढवतं, असंही त्यात होतं. म्हणजे उषःपान सुरू करायच्या आधीच्या पाच वर्षांतही तो अधूनमधून ते पाणी पीत असणार, बागेतून येऊन, नळाला तोंड लावून. तिने हिशेब तिथेच थांबवला. दुसरी तपासणी झाली नाही तर 'अज्ञात' अज्ञातच राहणार होतं. झाली तर तिला कळणार होतं. तिचं म्हणणं एवढंच होतं की तिला कळायला नको.

नोटरीची तारीख तीन आठवड्यांवर होती. लोटे पडद्यांची मापं घ्यायला आली. पडदे इथेच ठेवते असं सुनेत्राने आपणहून सांगितलं होतं. लोटेने मापं घेतली, चुकीची, मग सुनेत्राने पुन्हा घेतली. नंतर लोटे स्वयंपाकघरात पोटावर हात ठेवून उभी राहिली.

"इथे बाटल्या ठेवीन," ती ओट्याकडे बघत म्हणाली. "दुधाच्या. मला दूध आलं नाही तर पावडरचं द्यावं लागेल. माझ्या बहिणीला आलं नव्हतं. मेफ्राऊ खिरमुले, रात्री उठून अर्ध्या झोपेत बाटली करायची म्हणजे नळ जवळ पाहिजे, नाही का?"

"च," सुनेत्रा म्हणाली. "चहातला च."

"टयि... टशि..." लोटे हसायला लागली, धाप लागली, आणि तिने कपाटातून पेला घेऊन नळ उघडला. दुपारचे तीन वाजले होते. सकाळपासून नळ बंद होता. पेला भरला. लोटेने तो तोंडाला लावला.

सुनेत्राने तो तिच्या हातातून काढून घेतला. मागितला नाही, काढून घेतला. थोडं पाणी लोटेच्या ड्रेसवर सांडलं. डच माणसाच्या हातातली वस्तू अशी काढून घेणं हे पोलिसांच्या अखत्यारीत येतं की नाही कोण जाणे, पण लोटेचा चेहरा तसा झाला होता.

"ते शिळं आहे," सुनेत्रा मराठीतच म्हणाली. मग डचमध्ये, "ते पिऊ नकोस. बस. मला तुला काही सांगायचं आहे. त्याआधी मला एक फोन करायचा आहे."

जयप्रकाशने फोन उचलला.

"फ्रिजमधलं नव्हतं," ती म्हणाली. "नळाचं होतं. तुला द्यायचं म्हणून आधीचं सांडून टाकलं मी. चार मिनिटं."

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "माझी आजी पण सांडायची. मी विचारायला हवं होतं. आपल्या लोकांना वेगळं विचारावं लागतं."

"पुन्हा ये. या वेळी पाणी मागू नकोस."

"नाही मागणार, मौसी."

लोटेला तिने सगळं सांगितलं: नळी, नमुना, चार मिनिटं. श्रीकांतचं सांगितलं नाही. लोटे गंभीरपणे ऐकत होती आणि शेवटी म्हणाली, "पाहुण्यासाठी?" तिला समजलं नव्हतं, पण तिने मान डोलावली. नंतर ओल्या ड्रेसकडे बघत तिने सुनेत्राचा हात दोन्ही हातांत धरला. त्या संध्याकाळी ईशानीचा फोन आला.

"आई, व्हाय वुड यू डू दॅट? इट वॉज क्लीन!"

"क्लीन नव्हतं. मी क्लीन केलं होतं."

"सो देअर्स लेड. फाइन. यू ड्रँक इट फॉर ट्वेंटी यर्स, आय ड्रँक इट. वुई आर फाइन."

"आपण हंड्यातलं प्यायचो," सुनेत्रा म्हणाली.

"आणि बाबा?" ईशानीने विचारलं.

"तुझा बाबा सायंटिफिक होता," सुनेत्रा म्हणाली आणि पोळ्या करायच्या आहेत असं सांगून फोन ठेवला.

दुसऱ्या वेळी जयप्रकाश सातलाच आला. हात पाठीमागे बांधून दारात उभा राहिला. सुनेत्राने त्याला पाणी दिलं नाही. तिला ते इतकं जड गेलं की ती शेवटी बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. त्याने पहिली धार घेतली, बाटली बंद केली आणि बाहेर येऊन तिच्या शेजारी बसला.

"मौसा किती वर्षं पीत होते?"

"तुला कोणी सांगितलं?"

"ओट्यावर जुन्या रिपोर्टची फाईल दिसली, तिच्यावरचं अक्षर दुसऱ्याचं आहे. आमच्या फॉर्मवरचं तुमचं अक्षर वेगळं." तो बूट बघत होता. "आणि तुम्ही फ्रिजमधलं म्हणालात. घर विकायचं म्हणून कोणी इतक्या पटकन खोटं बोलत नाही. आधी विचारतात, किती फरक पडेल."

"दहा वर्षं," ती म्हणाली. "दीड लिटर. उकिडवा बसून." मग थोड्या वेळाने, "तुला काय वाटतं?"

"मी फक्त नमुना घेतो, मौसी."

आकडा मर्यादेच्या अकरापट आला.

ती तो कागद घेऊन गावातल्या डॉक्टरांकडे गेली. ते तीस वर्षं तिथे होते, श्रीकांतलाही तेच बघायचे. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढला. असू शकतं, म्हणाले. नसूही शकतं. त्याला रक्तदाब होता, वडिलांना मधुमेह होता. आता तपासायला काही उरलेलं नाही. मग हलक्या आवाजात विचारलं, "हे उत्तर मिळालं तर त्याचं तुम्ही काय करणार आहात?"

"आमचा एक वाद राहिलाय," सुनेत्रा म्हणाली.

डॉक्टरांना वाटलं, ती विम्याबद्दल बोलते आहे. त्यांनी एका वकिलाचं नाव लिहून दिलं.

लोटे आणि यास्परने घर सोडलं नाही. नळी बदलून द्या, एवढंच म्हणाले आणि तारीख महिनाभर पुढे गेली. प्लंबरने बागेतून तळघरापर्यंत चर खणला आणि अकरा मीटर शिसं तुकडे करून बाहेर काढलं. तुकडे बाहेरून मळकट आणि वजनाला फार जड होते. सुनेत्राने एक हातात घेऊन बघितला. पेल्यातून रोज थोडं थोडं प्यायलेल्या माणसाला कधीच जड लागलं नसेल. तिने तो परत ढिगावर ठेवला. नवी नळी बसवल्यावर प्लंबरने सिंकच्या वर एक छापील कार्ड चिकटवलं: पाणी बराच वेळ थांबलं असेल तर वापरण्याआधी नळ थोडा वेळ वाहू द्यावा.

"रोज?" तिने विचारलं.

"रोज. सकाळी तर नक्कीच," तो म्हणाला. "लोकांना पटत नाही. त्यांना वाटतं पाणी वाया जातं."

बारा पानांच्या फॉर्ममध्ये तिने 'माहीत नाही' खोडून 'होय' केलं. मग नळी बदलली होती म्हणून 'होय' खोडून 'नाही' केलं. शेजारी तारीख घालून सही करावी लागली, दोनदा.

शेवटच्या सकाळी सामान गेलं होतं. एक गादी, एक पिशवी आणि हंडा तेवढा उरला होता, तो ती आधी ट्रेनमधून, मग मेट्रोतून मांडीवर नेणार होती. श्रीकांतचा स्टीलचा पेला भांड्यांच्या खोक्यात जाणार होता, तो तिने बाहेर काढून ठेवला होता. गजर तिने लावला नव्हता, पण जाग आली तेव्हा साडेचार वाजले होते. ती खाली गेली. नळ सोडला, हाताला गारठा लागेपर्यंत तसाच वाहू दिला, मग पेला विसळून काठोकाठ भरला आणि टेबल नव्हतं म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर, तो बसायचा त्या बाजूला ठेवला.

पावणेपाचला अजून पाच मिनिटं होती.